छोट्या कर्जाची नवी वही

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला. ते लोण पुढच्या काही आठवड्यांत पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावोगाव पोचले. या दंग्यांत एक ठरलेला क्रम दिसतो. जमाव सावकाराच्या दारात जायचा, कर्जरोखे बाहेर काढायला लावायचा आणि त्यांची होळी करायचा. रोखे मुकाट्याने हाती आले तर बहुतेक ठिकाणी सावकाराच्या अंगाला हात लागत नसे. राग होता तो कागदावर.

त्याला कारण होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापसाला सोन्याचा भाव आला, सावकारांनी हात सैल सोडून कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळला आणि त्याच सुमारास सरकारने शेतसारा वाढवला. पण खरी मेख रोख्यात होती. १८५९ च्या कायद्याने रोख्याची मुदत तीन वर्षे ठरवली होती. हेतू चांगला, व्याज साचत जाऊ नये असा. सावकारांनी त्यावर तोड काढली. दर तीन वर्षांनी नवा रोखा करायचा आणि थकलेले व्याज नव्या रोख्यात मुद्दल म्हणून धरायचे. कुळाला वाचता येत नव्हते, भरलेल्या पैशाची पावती मिळत नव्हती, आणि वही सावकाराच्या घरात. १८७९ साली डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला तेव्हा त्यातल्या महत्त्वाच्या तरतुदी याच दुखण्यावर होत्या: सावकाराने हिशेब द्यावा, रोखा गावच्या निबंधकासमोर व्हावा, आणि न्यायालयाने रोख्यावरच्या आकड्यावर न थांबता मूळ व्यवहार किती रुपयांचा होता ते खणून काढावे.

मोबाइलवरच्या कर्जाबद्दल जे काही लिहिले-बोलले जाते ते बहुतेक वेगाबद्दल असते. पाच मिनिटांत मंजुरी, कागदपत्र नको, शाखेत खेटे नकोत. वेग खराच आहे. पण माझ्या मते गेल्या दहा वर्षांत कर्जव्यवहारात झालेला मोठा बदल वेगाचा नाही. कर्जदाराची नोंद आता कोण ठेवतो, ती कोणाकोणाला वाचता येते आणि तिच्यात चूक झाली तर दाद कुठे मागायची, हे सगळे बदलले. वही सावकाराच्या पेटीतून निघाली, बँकेच्या कपाटात काही काळ राहिली आणि आता ती पाच-सहा ठिकाणी विखुरलेली आहे.

आधी साधा हिशेब. बँक छोटे कर्ज द्यायला का नाखूश असते? एखाद्या दुकानदाराला ५० हजार रुपये १२ टक्के दराने वर्षभराच्या हप्त्यांवर दिले, तर बँकेला वर्षात मिळणारे एकूण व्याज होते सुमारे ३,३०० रुपये. त्यातून ठेवीदाराचे व्याज द्यायचे, बुडीत कर्जांची तरतूद करायची, आणि उरलेल्यात अधिकाऱ्याने दुकान बघायला जायचे, कागद तपासायचे, करारावर सह्या घ्यायच्या, हप्ता चुकला की माणूस पाठवायचा. पन्नास लाखांच्या कर्जालाही जवळजवळ एवढेच काम पडते. तेव्हा शाखाधिकारी दुकानदाराला ‘आयकर विवरणपत्र आणा, जामीनदार आणा, मग बघू’ असे सांगून परत पाठवतो, त्यात प्रत्येक वेळी आकस असतो असे नाही. छोट्या माणसाची पारख करण्याचा खर्च त्या कर्जाला झेपत नाही, एवढेच.

ती पारख फुकटात होत होती ती गावच्या सावकाराला. तो रोज दुकानासमोरून जाई. कोणाकडे लग्न आहे, कोणाची म्हैस मेली, हे त्याला न विचारता कळत असे. पतसंस्थांनी याचे थोडे सभ्य रूप उभे केले. पिग्मी एजंट रोज संध्याकाळी पन्नास-शंभर रुपये गोळा करत बाजारपेठेतून फिरतो, आणि वर्षभराने त्या पिग्मीवर आणि एजंटाच्या भरवशावर दुकानदाराला कर्ज मिळते. ही पद्धत मुळात उडुपीची. १९२८ साली तिथल्या कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेटने, म्हणजे पुढच्या सिंडिकेट बँकेने, ती सुरू केली. महाराष्ट्रातल्या पतसंस्थांत ती अशी रुजली की आपल्याला ती इथलीच वाटते.

तंत्रज्ञानाने स्वस्त केली ती ही पारख. ओळख पटवण्याचे काम आधारवर आले. जानेवारी २०२० पासून रिझर्व्ह बँकेने व्हिडिओ कॉलवरून केवायसी करायला परवानगी दिली. सही डिजिटल झाली, हप्ता खात्यातून आपोआप वळता करण्याची सोय झाली. पण हे झाले कारकुनी काम. पारख करायला लागतो तो माणसाच्या धंद्याचा माग, आणि तो माग तीन ठिकाणी तयार होऊ लागला. २०१६ पासून यूपीआय, जुलै २०१७ पासून जीएसटी, आणि या दोन्हींच्या आधीपासूनचा क्रेडिट ब्युरोचा अहवाल. ज्या किराणा दुकानदाराकडे कधी ताळेबंद नव्हता, त्याच्याकडे आज रोज किती गिऱ्हाइके येतात, रविवारी धंदा किती वाढतो, महिन्याच्या कोणत्या तारखेला खाते रिकामे होते, मागच्या वर्षी कोणता हप्ता परत गेला, याची मिनिटामिनिटाची नोंद आहे. फक्त ती त्याने स्वतः लिहिलेली नाही.

ही नोंद कर्ज देणाऱ्यापर्यंत पोचवायची कशी, यावर भारतात एक चांगली व्यवस्था उभी राहिली, आणि तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. तिचे नाव अकाउंट ॲग्रिगेटर. रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये तिचे नियम केले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ती प्रत्यक्षात सुरू झाली. त्याआधी काय चाले? कर्जदार बँकेच्या उताऱ्याची पीडीएफ पाठवी, आणि ती पीडीएफ हवी तशी बदलून देणारे लोक झेरॉक्सच्या दुकानात बसलेले असत. काही ॲपे तर सरळ नेट बँकिंगचा पासवर्ड मागत. नव्या व्यवस्थेत मध्ये एक परवानाधारक कंपनी असते. कर्जदाराच्या मोबाइलवर संमतीचा पडदा येतो: कोणत्या खात्याची माहिती, किती महिन्यांची, कोणाला, कशासाठी, एकदाच की वारंवार, आणि संमती केव्हा संपणार. तुम्ही होकार दिलात की बँकेतून माहिती कुलूपबंद होऊन निघते आणि कर्ज देणाऱ्याकडेच उघडते. मधल्या कंपनीला ती वाचता येत नाही. दिलेली संमती मागे घेता येते. नोव्हेंबर २०२२ मध्ये जीएसटीची माहितीही या वाटेने देण्याची सोय झाली.

कागदावर हे उत्तमच आहे. व्यवहारात त्या पडद्यावरचा मजकूर वाचतो कोण? ज्याला उद्या सकाळी मालाचे पैसे भरायचे आहेत तो हिरव्या बटणावर बोट ठेवतो. दोन महिन्यांची माहिती पुरेशी असताना दोन वर्षांची मागितली गेली, हे त्याच्या लक्षात येण्याचे कारण नाही. संमती मागितली जाते, पण नाही म्हटले तर कर्ज मिळत नाही. मग तिला संमती म्हणायचे ते कायद्याच्या भाषेत.

आता दुकानाच्या गल्ल्यावरचा क्यूआर बघू. त्याच्या शेजारी साउंडबॉक्स ठेवलेला असतो, ‘पन्नास रुपये प्राप्त झाले’ असे ओरडणारा. त्या यंत्राचे मासिक भाडे हे त्या कंपनीच्या कमाईचे एक अंग. दुसरे आणि अधिक भरवशाचे अंग म्हणजे त्याच दुकानदाराला मिळवून दिलेले कर्ज. दुकानात येणारा पैसा कंपनीच्या डोळ्यांसमोरून जातो, म्हणून पारख आपोआप होते. आणि वसुलीही तिथेच: रोजच्या जमेतून ठराविक रक्कम कापली जाते, उरलेली दुकानदाराच्या खात्यावर. पिग्मीचीच ही उलटी बाजू. फरक असा की पिग्मी एजंट पावसाळ्यात, सुतकात, दुकान बंद असताना ‘राहू द्या, उद्या देतो’ ऐकून घेत असे.

रोजची रक्कम लहान असल्यामुळे दर डोळ्यांत भरत नाही, आणि इथे जरा हिशेबाला बसायला हवे. समजा, एका दुकानदाराला एक लाख रुपयांचे कर्ज मिळाले. व्याज ‘दीड टक्का महिना’, मुदत एक वर्ष. आपल्याकडे खासगी सावकारीत टक्का नेहमी महिन्याचाच बोलला जातो, त्यामुळे कानाला हा दर ओळखीचा वाटतो. वर्षाचे अठरा टक्के, म्हणजे परतफेड १,१८,००० रुपयांची. रोजचे साधारण ३२३ रुपये. त्यात प्रक्रिया शुल्क तीन टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी. हे आधीच कापून हातात पडतात ९६,४६० रुपये.

दर खरोखर अठरा टक्के आहे का? नाही. व्याज पूर्ण लाखावर, पूर्ण वर्षाचे लावले. पण दुकानदार पहिल्याच दिवसापासून मुद्दल फेडतो आहे. सहा महिन्यांनी त्याच्याकडे निम्मेच पैसे उरलेले असतात, व्याज मात्र पूर्ण लाखाचे चालू. यालाच फ्लॅट व्याज म्हणतात. घटत्या शिलकीवर मांडून, शुल्क धरून हिशेब केला तर हा दर वर्षाला सुमारे ४२ टक्के पडतो. कोणी खोटे बोललेले नाही. आकडा फक्त सोयीच्या जागी उभा राहून सांगितला.

याच कारणाने रिझर्व्ह बँकेने एक पान सक्तीचे केले आहे, की फॅक्ट स्टेटमेंट. डिजिटल कर्जांसाठी ते २०२२ मध्ये आले, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून सर्व किरकोळ कर्जांना व सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांच्या मुदतकर्जांना लागू झाले. त्यात सगळे शुल्क मिळवून पडणारा वार्षिक दर, म्हणजे एपीआर, लिहावाच लागतो, आणि त्या पानावर नसलेले शुल्क कर्जदाराच्या संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. १८७९ च्या कायद्यात जो ‘हिशेब दाखव’ होता तो दीडशे वर्षांनी असा परत आला. कर्ज घेणाऱ्याने बाकीची वीस पाने वाचली नाहीत तरी चालेल. हे एक वाचावे आणि दोन ठिकाणचे एपीआर शेजारी शेजारी ठेवून बघावेत. महिन्याचा टक्का, रोजचा हप्ता, ‘फक्त इतके रुपये’ यांची तुलना होत नाही, एपीआरची होते. डिजिटल कर्जाला माघारीची मुदतही असते. ती किमान एक दिवसाची. तेवढ्या वेळात मुद्दल आणि वापरलेल्या दिवसांचे व्याज भरून कर्ज परत करता येते, दंड न देता. कापून घेतलेल्या प्रक्रिया शुल्काचे काय, हेही त्याच पानावर लिहिलेले असावे लागते.

पारख एवढी स्वस्त झाली, तर मग दर का उतरत नाहीत? हा प्रश्न रास्त आहे. एक तर ज्याच्या ॲपवरून कर्ज मिळते तो बहुतेक वेळा कर्ज देत नाही. तो गिऱ्हाईक आणतो. पैसा एखाद्या एनबीएफसीचा, म्हणजे बँक नसलेल्या वित्तकंपनीचा, आणि त्या एनबीएफसीने तो बँकेकडून घेतलेला. ठेवीदारापासून दुकानदारापर्यंत येताना पैसा दोन-तीन हात बदलतो आणि प्रत्येक जण आपला वाटा ठेवतो. दुसरे, तारण नसलेली कर्जे बुडतात, आणि फेडणाऱ्यांच्या व्याजातून बुडवणाऱ्यांचा भार निघतो. तिसरे कारण मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. गिऱ्हाइकाची माहिती स्वस्त झाली तशी गिऱ्हाइकाला गाठणेही सोपे झाले, आणि मग एकाच माणसाला चार ॲपे कर्ज देऊ लागली. एकाचा हप्ता दुसऱ्याच्या कर्जातून. जुन्या रोख्यात थकलेले व्याज मुद्दल होऊन बसे. आता ‘टॉप-अप’ नावाचे बटण येते, जुने खाते बंद करून मोठे नवे उघडणारे. रोख्याचे नूतनीकरणच ते.

गिऱ्हाईक आणणाऱ्याला कर्ज बुडण्याची झळ लागतच नसेल तर तो कोणालाही आणील, आणि सगळी झळ त्यानेच सोसली तर तो परवाना नसलेला सावकार झाला. या दोन टोकांमध्ये रिझर्व्ह बँकेने जून २०२३ मध्ये रेघ मारली: ॲपवाल्याने कर्जसंचाच्या पाच टक्क्यांपर्यंतच नुकसानीची हमी द्यावी. त्याच वर्षी नोव्हेंबरात विनातारण ग्राहक कर्जांवरचा जोखीमभार १०० वरून १२५ टक्के झाला, म्हणजे अशा कर्जासाठी बँकेला आणि एनबीएफसीला जास्त भांडवल बाजूला ठेवणे भाग पडले. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर चार एनबीएफसींना अवाजवी व्याज आकारल्यावरून नवी कर्जे मंजूर करायला काही काळ बंदी झाली. एनबीएफसींच्या दरावर कायद्याची कमाल मर्यादा नाही. पण मर्यादा नाही म्हणून वाटेल तेवढे, असे चालणार नाही, हा इशारा तिथे मिळाला.

आणि मग ती ॲपे, ज्यांना फिनटेक म्हणणे म्हणजे खिसेकापूला शिंपी म्हणणे. कोविडच्या काळात यांचे पीक आले. सात दिवसांसाठी पाच हजार. हातात येणार साडेतीन. आठव्या दिवसापासून फोन. ॲप उतरवताना कर्जदाराने फोनबुक आणि फोटो यांची परवानगी दिलेली असे, आणि तेच तारण. मामा, मेहुणी, ऑफिसातला साहेब, मुलीची शिक्षिका, सगळ्यांना संदेश जात. फोटो बीभत्स करून पाठवले जात. लोकांनी जीव दिले. गावचा सावकारही अब्रूच्या भीतीवरच वसुली करी, पण त्यासाठी त्याला त्याच गावात राहावे लागे आणि तिथे त्यालाही तोंड दाखवायचे असे. या ॲपांनी फोनबुकातून एक गाव तयार केले, ज्यात वसुली करणारा कोणालाच दिसत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने नोव्हेंबर २०२१ मध्ये अहवाल दिला तेव्हा भारतातल्या अँड्रॉइड फोनवर मिळणारी सुमारे ११०० कर्ज-ॲपे सापडली होती, आणि त्यांतली ६०० बेकायदा होती. सप्टेंबर २०२२ च्या नियमांनी कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या बँक खात्यात जाणे आणि हप्ता थेट कर्ज देणाऱ्या संस्थेकडे जमा होणे बंधनकारक केले, आणि फोनबुक, फोटो, कॉलची यादी यांना हात लावायला मनाई केली. २०२३ मध्ये गूगलनेही आपल्या दुकानातल्या कर्ज-ॲपांना फोनबुक व फोटो वाचण्याची बंदी घातली. २०२५ पासून बँका व एनबीएफसींनी आपापल्या अधिकृत ॲपांची नावे रिझर्व्ह बँकेला कळवायची असतात आणि ती यादी तिच्या संकेतस्थळावर बघता येते. ॲप यादीत नसेल, किंवा त्यात कर्ज देणाऱ्या बँकेचे वा एनबीएफसीचे नावच नसेल, तर तिथेच थांबावे. छळ सुरू झाला असेल तर सायबर गुन्ह्यांसाठीचा १९३० हा क्रमांक आणि रिझर्व्ह बँकेचे ‘सचेत’ पोर्टल आहे.

ॲपांच्या या गदारोळात एका जास्त उपयोगी गोष्टीकडे दुर्लक्ष होते. भोसरी-चाकणच्या लघुउद्योजकाला विचारा, त्याची अडचण कर्ज न मिळण्याची नसते. त्याचे स्वतःचेच पैसे अडकलेले असतात. मोठ्या कंपनीला माल दिला, बिल दिले, आणि पैसे नव्वद दिवसांनी. तोवर पगार, पोलाद, वीजबिल. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे ४५ दिवसांच्या आत पैसे मिळायलाच हवेत, उशीर झाला तर बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजासकट. पण ते व्याज मागणारा पुरवठादार मी पाहिलेला नाही. मागितले तर पुढची ऑर्डर शेजारच्या गाळ्यात जाते.

यावर उपाय म्हणून ट्रेड्स नावाची व्यवस्था २०१७ च्या सुमारास सुरू झाली. समजा, दहा लाखांचे बिल आहे. पुरवठादार ते या इलेक्ट्रॉनिक बाजारात चढवतो. खरेदीदार कंपनी ‘माल मिळाला, बिल मान्य’ असे तिथे नोंदवते. मग बँका त्या बिलावर बोली लावतात: कोणी नऊ टक्के म्हणतो, कोणी साडेआठ. पुरवठादार सगळ्यांत कमी दर पत्करतो आणि एक-दोन दिवसांत पैसे त्याच्या खात्यात. साठ दिवसांसाठी नऊ टक्क्यांनी कापले गेले तर खर्च सुमारे १४,८०० रुपये. मुदतीला कंपनीच्या खात्यातून पैसे बँकेकडे जातात. दोन गोष्टी इथे नेहमीच्या कर्जाच्या उलट आहेत. दर पुरवठादाराच्या ऐपतीवर ठरत नाही, बिल मान्य करणाऱ्या मोठ्या कंपनीच्या पतीवर ठरतो. आणि कंपनीने पैसे बुडवले तरी बँक पुरवठादाराच्या मागे लागू शकत नाही. छोट्याने मोठ्याची पत वापरायची, ही कल्पना मला या सगळ्या प्रकारात सर्वांत आवडते, आणि तिला ना कुठले आकर्षक ॲप, ना जाहिरात.

अडते ते ‘बिल मान्य’ या बटणापाशी. २५० कोटींहून जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना या बाजारात नोंदणी करणे सक्तीचे झाले आहे. पण खासगी कंपनीने आपले प्रत्येक बिल तिथे आणलेच पाहिजे असे नाही. खरी हालचाल झाली ती आयकर कायद्याच्या ४३बी (एच) या कलमाने. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षाच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. हिशेबनीस रात्री जागतो तो तंत्रज्ञानामुळे नाही, कराच्या भीतीने.

सरकारी खटाटोपही झाले. २०१८ मध्ये ‘५९ मिनिटांत कर्ज’ हे पोर्टल गाजावाजा करून आले. त्या एकोणसाठ मिनिटांत मिळते ते तत्त्वतः मंजुरीचे पत्र. पैशासाठी शाखेची पायरी चढावी लागतेच. त्या मानाने पथविक्रेत्यांसाठीची पीएम स्वनिधी योजना शहाणपणाची ठरली. जून २०२० मध्ये ती सुरू झाली तेव्हा पहिले कर्ज दहा हजारांचे होते; ते फेडले की वीस, मग पन्नास. वर यूपीआयने पैसे घेतले तर थोडा कॅशबॅक. म्हणजे कर्जाबरोबर हातगाडीवाल्याचा माग तयार करून देण्याचीही सोय.

या सगळ्या मागांचा मुकुटमणी म्हणजे क्रेडिट ब्युरोचा अहवाल. भारतात असे चार ब्युरो आहेत, पण २००० साली मुंबईत स्थापन झालेल्या सिबिलचे नाव इतके रुळले आहे की गावातही ‘त्याचं सिबिल खराब आहे’ असेच म्हणतात. ३०० ते ९०० मधला हा आकडा हप्ते वेळेवर भरले का, कर्जमर्यादेतले किती वापरले, किती ठिकाणी अर्ज केले, अशा गोष्टींवरून निघतो. माणूस कसा आहे ते त्याला माहीत नाही, पिकाला पाऊस झाला का हेही नाही. मित्रासाठी बँकेत जामीन राहिलेल्या माणसाला मित्राची थकबाकी स्वतःच्या अहवालात दिसते तेव्हा तो चक्रावतो. तडजोडीने कर्ज मिटवलेल्याला वाटते, विषय संपला. अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो, आणि तो वाचणारा बँकवाला त्याचा अर्थ ‘पूर्ण फेडले नाही’ असाच घेतो. पीककर्जाला सिबिलची अट घालू नका, असे मुख्यमंत्र्यांना २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत बँकांना पुन्हा बजावावे लागले. ‘पुन्हा’ या शब्दातच काय ते आले.

एक जमेची बाजू मात्र नक्की आहे. सावकाराची वही कुळाला बघायला मिळत नसे; हा अहवाल वर्षातून एकदा प्रत्येक ब्युरोकडून फुकट मिळतो. चूक दिसली तर तक्रार करता येते, आणि तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई. जानेवारी २०२५ पासून बँकांना महिन्याऐवजी दर पंधरवड्याला माहिती कळवावी लागते, त्यामुळे फेडलेले कर्ज लवकर फेडलेले दिसते. किती लोक हा हक्क वापरतात? गृहकर्ज नाकारले गेल्याशिवाय अहवाल उघडून बघणारा विरळाच.

पुढची पायरी यूएलआय, म्हणजे युनिफाइड लेंडिंग इंटरफेस. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने याचा प्रायोगिक टप्पा सुरू केला. राज्यांच्या जमिनीच्या नोंदी, दूधसंघाला घातलेल्या दुधाचे आकडे, ओळखपडताळणी, हे सगळे एका जोडणीतून कर्ज देणाऱ्याला मिळावे अशी कल्पना. डिजिटल सहीचा सातबारा आपल्याकडे आलेला आहे, २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः पिकाची नोंद मोबाइलवरून करतो. दोन्ही जोडले की तलाठी, सेवा सोसायटी आणि बँक या त्रिकोणातले खेटे वाचतात. दूध घालणाऱ्याच्या बाबतीत तर हे फारच चपखल बसते. रोजचे लिटर, फॅट, दर दहा दिवसांचे बिल. याहून चांगला माग कुठल्या धंद्याचा असेल?

पण माग असणे म्हणजे तो आपल्या नावावर असणे नव्हे. बटाईने जमीन करणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते, आणि मालक ते लागू देत नाही, कुळकायद्याची धास्ती अजून आहे. त्याने दहा वर्षे कसलेल्या शेताची डिजिटल नोंद मालकाची पत वाढवते. गोठ्यात बाई राबते, दूधसंघाचे सभासदत्व नवऱ्याच्या नावे. पोळीभाजी केंद्र चालवणारीच्या गल्ल्यावरचा क्यूआर नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खात्याला जोडलेला असतो, कारण दुकान उघडले त्या दिवशी स्मार्टफोन त्याच्याकडे होता. रोज येणारे शंभर-दीडशे व्यवहार तिच्या हातच्या चवीचे. पण कर्ज देणाऱ्याच्या पडद्यावर धंदा त्याचा दिसतो, आणि ती स्वतः अर्ज करते तेव्हा तिच्या नावापुढे येते ‘कर्जाचा इतिहास नाही’. क्यूआर तिच्या खात्याला जोडून घ्यायला एका दुपारचे काम असते. बचतगटाच्या बैठकीत हप्ता मोजून झाल्यावर कोणाचा क्यूआर कोणाच्या खात्यावर आहे, हे एकदा फोन उघडून बघितले तर बऱ्याच जणींना त्याच दिवशी उत्तर कळेल.